ब्याऐंशीला बसतंय

माझ्या मुलाच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पोहे खाऊन झाले की टीव्हीवर घरखर्च लागतो. सिनेमा लागावा तसाच लागतो. मुलगा लॅपटॉप उघडतो, काहीतरी दाबतो आणि भिंतभर टीव्हीवर रांगाच्या रांगा उमटतात: कर्जाचा हप्ता, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, किराणा, बाहेरचं खाणं. याला मुलगा आणि सून 'रिव्ह्यू' म्हणतात. दोघंही नोएडात मोठ्या कंपन्यांत आहेत. आठवडाभर तिथे कोणीतरी यांचा रिव्ह्यू घेतं आणि रविवारी हे घराचा घेतात. ऑफिसात खाल्लेल्या बोलण्यांचं दुसरं काय करणार?

मला या रिव्ह्यूत घेतलं तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते आणि तोवर हिशेब म्हणून कधी केला नव्हता. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्न होऊन मी कराडहून दिल्लीला आले ती सरकारी क्वार्टरमध्ये, आणि पुढची सगळी वर्षं क्वार्टर बदलत राहिले. पगार किती, कापतात किती, मागे किती टाकलेत, यातलं काही मला कधी सांगितलं गेलं नाही. पहिल्या तारखेला ते ओट्यावर घरखर्चाचे पैसे ठेवायचे. उरले तर कौतुक नाही, संपले तर तोंड वाकडं. निवृत्तीनंतर फरीदाबादला छोटा फ्लॅट घेतला, तोही मला रंग लावून झाल्यावर दाखवला. ते गेले आणि मुलाने बँकेत माझ्या सह्या घेतल्या, तेव्हा मला कळलं की मला फॅमिली पेन्शन मिळणार आहे आणि ती चांगली आहे. नवऱ्याने जिवंतपणी कधी हातात ठेवले नाहीत एवढे पैसे तो मेल्यावर दर महिन्याला ठेवायला लागला.

मग मुलगा म्हणाला, आई, तू एकटी तिकडे कशाला राहतेस? फरीदाबादचा फ्लॅट विकला, पैसे त्याच्या गाझियाबादच्या फ्लॅटच्या कर्जात गेले आणि मी त्याच्या हॉलमधल्या दिवाणावर आले. फ्लॅटला दोन बेडरूम. एक त्यांची, एक नातीची. नातीच्या खोलीत माझी सोय होणार होती, पण मी घोरते असं तिने तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं. आई-बापांनी तिला समजावलं असतं तर समजली असती. त्यांनी समजावलं मला.

हॉलमध्ये झोपणारं माणूस हे घरातलं माणूस नसतं, सामान असतं. सगळ्यांचं बघून झालं आणि टीव्ही बंद झाला की आपण आडवं व्हायचं, सकाळी कामवालीने बेल मारली की उठून चादरी गुंडाळून दिवाणाच्या पोटात कोंबायच्या. कपडे बदलायला बाथरूम. दुपारी जरा पाठ टेकावी तर कुरिअरवाला. सुनेच्या मैत्रिणी आल्या की माझ्या अंथरुणावर बसून चहा प्यायच्या. अशी तीन वर्षं मी काढली, आणि तीन वर्षं मला एकच गोष्ट हवी होती: दार असलेली एक खोली. आतून कडी असली म्हणजे झालं, बाकी काही नको.

पहिल्या रिव्ह्यूला मी चांगली साडी नेसून बसले होते. एवढ्या वर्षांत पैशांची गोष्ट कोणी माझ्यासमोर बोलायला बसलं, याचंच मला अप्रूप. वरच्या बाजूला येणारे पैसे होते. मुलाचा पगार, सुनेचा पगार आणि तिसऱ्या ओळीत 'आईची पेन्शन'. ती ओळ वाचून मला बरं वाटलं. खाली जाणारे पैसे, आणि त्यातही एक ओळ माझी होती. तिचं नाव नुसतं 'आई'. ती लाल होती.

"लाल का रे?" मी विचारलं.

"ओव्हर गेलंय ग थोडंसं. औषधं ठीक आहेत, पण इतरमध्ये हे बघ, भाजणी, कोकम, मेतकूट. दिल्लीतून मागवलंस ना?"

"मागवलं. तूच वाटीभर मेतकूट भातावर घेतलंस."

"नाही नाही, तसं नाही. फक्त ट्रॅक करतोय आपण," मुलगा म्हणाला. माझ्या मुलाला बापाचं नाक मिळालंय, कणा मात्र कोणाचाच मिळाला नाही.

माझ्या ओळीच्या दोन ओळी वर 'बाहेरचं खाणं' होतं आणि ते हिरवंगार होतं. गेल्या महिन्यात या घरात पिझ्झाचे इतके खोके आले होते की कचरेवाल्याने तक्रार केली होती. मला वाटलं मशीन बिघडलंय. मग सुनेने समजावलं, की प्रत्येक ओळीला आधी एक मर्यादा ठरवायची असते, खर्च तिच्या आत राहिला की हिरवं, बाहेर गेला की लाल. बाहेरच्या खाण्याची मर्यादा त्यांनी ढळढळीत मोठी ठेवली होती आणि माझी चिमटीएवढी. नवशिकी असूनही मला पहिल्याच दिवशी एवढं समजलं, की रंगाचा खर्चाशी फारसा संबंध नसतो, तो मर्यादा कोण ठरवतं त्यावर अवलंबून असतो. मी ते बोलून दाखवलं. मुलगा म्हणाला, "अच्छा, पॉइंट आहे, नोट करतो," आणि कुठेच नोट केलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात नात माझ्या शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांची आहे, जन्म इथलाच. मराठी बोलते, पण शब्द अडला की हिंदीत उडी मारते. तिने टीव्हीकडे बघून विचारलं, "आजी, तू फिक्स्ड आहेस की व्हेरिएबल?"

"म्हणजे काय ग?"

"फिक्स्ड म्हणजे हर महीने सेम. व्हेरिएबल म्हणजे कमी करू शकतो."

मुलगा खो खो हसला. "आजी फिक्स्ड आहे, बिल्कुल फिक्स्ड."

"औषधं व्हेरिएबल आहेत," सून म्हणाली. ती हसली नाही. माझ्या सुनेबद्दल मला हे सांगितलं पाहिजे, की ती पुण्याची आहे, तिची जीभ कोरडी आहे आणि ती खोटं बोलत नाही. मला ती आवडत नाही. पण घरात कोणाला खरं काय ते विचारायचं झालं तर मी तिलाच विचारते, मुलाला विचारून काय मिळणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याच टॉवरमध्ये दोन मजले वरचा तीन बेडरूमचा फ्लॅट विकायला निघाला. मालक कॅनडाला चालले होते आणि त्यांना घाई होती, म्हणून भाव बरा होता. आम्ही सगळे बघायला गेलो. दोघं स्वयंपाकघरातल्या चिमणीवर बोलत होती, नात बाल्कनीत पळाली. मी तिसऱ्या खोलीत गेले. लहानशी होती, खिडकीतून समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या आणि त्यांच्यातले कूलर दिसत होते, एका भिंतीला ओल होती. मी दार लावलं आणि आतून कडी घातली. कोणी हाक मारली नाही, कोणी बेल वाजवली नाही. मी तिथे रिकाम्या फरशीवर उभी राहून रडले. एवढं रडू मला यजमान गेले तेव्हाही आलं नव्हतं. मग डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, ओल आहे, भाव पाडून मागा.

निर्णय पुढच्या रिव्ह्यूत होणार होता. मी देवापुढे रोज दिवा लावते, त्या पंधरा दिवसांत दोन लावले.

त्या रविवारी मुलाने एका महिन्याऐवजी पुढची सगळी वर्षं मांडली होती. आडवी वर्षं, उभ्या आमच्या ओळी. नवीन कर्जाचा हप्ता लांबवर गेला होता. मध्ये नातीचं कॉलेज होतं, चार वर्षं, आणि त्या चार वर्षांखाली सगळं लालभडक. खोली तिथेच अडली होती, हे मला न सांगता कळलं. पण माझी नजर दुसरीकडे गेली. 'आईची पेन्शन' ही ओळ सात घरं चालत गेली होती आणि आठव्या घरापासून कोरी होती.

"इथून पुढे लिहायचं राहिलंय का रे?" मी विचारलं. मला खरोखर तसंच वाटलं होतं.

मुलगा माऊस फिरवायला लागला. "ते असंच आहे ग. फॉर्म्युला आहे."

"कसला?"

तो बायकोकडे बघायला लागला. लहानपणी क्रिकेटच्या चेंडूने कोणाची काच फुटली की तो असाच माझ्याकडे बघायचा, बाबांना तू सांग म्हणून.

"आई, अठ्ठ्याहत्तर धरलंय," सून म्हणाली.

"काय अठ्ठ्याहत्तर?"

"तुमचं वय. तोपर्यंत पेन्शन धरली आहे, पुढे नाही धरली."

खाली 'आई' ही खर्चाची ओळसुद्धा त्याच घरात संपली होती. आता ती लाल नव्हती, हिरवीही नव्हती.

"म्हणजे तिथे मी मेले," मी म्हणाले.

"आई, यार, असं नको ना बोलूस," मुलगा म्हणाला. "काहीतरी धरावं लागतं. नाही तर शीट पुढेच जात नाही."

"पण अठ्ठ्याहत्तरच का?"

"ॲव्हरेज काढलं. बाबा शहात्तरला गेले, आजी ऐंशीला. मधलं घेतलं. फॅमिली हिस्टरी बघतात ना, सगळेच बघतात."

हे ऐकून मला हसू फुटलं. "अरे गाढवा, ती तुझी आजी म्हणजे माझी सासू."

"हो, मग?"

"मग तिचं रक्त माझ्यात कुठून येणार? ते तुझ्या बाबांचं घराणं. मी तिथे लग्न करून आले. तू काढलंस ते वय माझं नव्हेच, तुझं आहे. अठ्ठ्याहत्तरला तू जाशील."

मुलाचा चेहरा खाडकन उतरला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. सुनेने मान खाली घातली आणि ती हसते आहे हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. त्या क्षणी ती मला पहिल्यांदा आवडली.

पण चीड आली ती आलीच. लग्नात माझं नाव बदललं, आडनाव बदललं, गोत्र बदललं. आमटी यांच्या चवीची करायला लागले, सणवार यांचे, देव यांचे. एवढं सगळं केल्यावर मरणसुद्धा यांच्याच घराण्यातलं मिळणार, आणि तेही माझ्या पोटच्या पोराने काढून दिलेलं. माझे आई-बाप कोणी होते हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माझी आई एक्याण्णवला गेली," मी म्हणाले. "वडील एकोणनव्वदला. काढ मधलं."

त्याने नव्वद घातलं. माझी ओळ सरसर पुढे पळाली. "आणि ऐंशीनंतर पेन्शन वाढते," मी म्हणाले. महाराष्ट्र मंडळातल्या विधवा बायका दुसरं काय बोलतात? त्याने फोनवर तपासलं, खरं निघालं, आकडा घातला. कॉलेजची चारही वर्षं एका झटक्यात हिरवी झाली. मी मॅट्रिकला पास झाले तेव्हाही मला एवढं पास झाल्यासारखं वाटलं नव्हतं. खोली मिळाली होती.

"एक मिनिट," सून म्हणाली. "नव्वदपर्यंत पेन्शन धरली तर खर्चही नव्वदपर्यंत धरायला हवा."

"धर की."

"आत्ताचा नाही, तेव्हाचा. आई, कराडच्या आजी शेवटी अंथरुणावर होत्या ना? किती वर्षं?"

"अगं, काय विचारतेस," मुलगा म्हणाला.

"विचारायलाच पाहिजे. नाही तर हे सगळं खोटं आहे."

माझ्या आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. भावजय तिला कूस बदलवायची आणि बदलवताना तोंडाने काय काय बोलायची, ते मी ऐकलेलं आहे. पाठीला जखमा झाल्या होत्या. आई माझ्याकडे बघून भावजयीला विचारायची, ही बाई कधी जाणार?

"सहा वर्षं," मी म्हणाले.

सुनेने शांतपणे ओळी वाढवल्या. दिवसाची अटेंडंट, रात्रीची अटेंडंट, हॉस्पिटलसारखी खाट, डायपर. प्रत्येकाचा गाझियाबादचा दर तिला पाठ होता, म्हणजे तिने आधीच काढून ठेवला होता. टीव्हीचा उजवा भाग बघता बघता लाल झाला. चालती-फिरती होते तोवर मी नफ्यात होते, आडवी झाले की तोट्यात. यात कोणी दुष्टपणा केला नव्हता. आकडे बरोबर होते. मी तीन वेळा तपासून बघितले, आता मला तेवढं यायला लागलं होतं.

मुलगा वय कमी करत आला. अठ्ठ्याऐंशी लाल. शहाऐंशी लाल. "पंच्याऐंशीला बघ," मी म्हणाले. भाजीवाल्याशी बोलावं तशी मी बोलत होते. पंच्याऐंशीलाही लालच, पण फिकट. खाटेचं एक वर्ष त्यात येत होतं. मग मीच डोकं चालवलं. ऐंशी ओलांडायची म्हणजे पेन्शन वाढेल, नातीचं कॉलेज संपेपर्यंत टिकायचं आणि अंथरूण धरायच्या आत सुटायचं.

"ब्याऐंशी घाल," मी म्हणाले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं झालं.

"बसतंय!" मुलगा ओरडला. सिक्सर बघून ओरडतो तसा. "ब्याऐंशीला बसतंय! आई, तुझं सहस्रचंद्रदर्शनपण होतंय बघ!"

"त्याचा खर्च घालू?" सुनेने विचारलं. "एकदाच आहे तो."

तिने घातला. हिरवंच राहिलं. दोघं इतकी खूश झाली होती की मुलाने माझ्या खांद्यावर हात टाकला. मीही हसत होते. हसताना मला आठवलं म्हणून मी विचारलं, "तुमचं दोघांचं किती धरलंय?"

"काय?"

"वय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "आमचं नाही धरलं ग," मुलगा म्हणाला. "आमचं कशाला?" त्यांच्या पगाराच्या, मग पेन्शनच्या, मग व्याजाच्या ओळी टीव्हीच्या काठापर्यंत गेल्या होत्या आणि काठाच्या पलीकडेही असणार.

"मग हे फायनल करू?" त्याने मला विचारलं. एवढ्या मोठ्या निर्णयात आईची संमती घेतल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला राग आला होता. आणि मला खोली हवी होती. हे दोन्ही एकाच वेळी होतं, आणि खरं सांगायचं तर खोलीच जास्त हवी होती.

"कर," मी म्हणाले.

त्याने केलं आणि तो विजेच्या बिलाकडे वळला. हॉलमधला एसी रात्री जास्त चालतो असं निघालं. हॉलमध्ये रात्री कोण असतं हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, आता नाही चालणार.

तीन महिन्यांनी आम्ही वर राहायला गेलो. वास्तुशांत केली. दिल्लीहून मराठी गुरुजी आले, मंडळातल्या माझ्या बरोबरीच्या सात-आठ जणी आल्या, सुनेचे ऑफिसातले लोक आले. मंडळातल्या बायका माझी खोली बघून आल्या आणि म्हणाल्या, नशीबवान आहेस हो, मुलगा-सून अशी मिळायला पुण्य लागतं. त्यातली निम्मी तरी माणसं हॉलमध्ये झोपतात, हे मला माहीत आहे.

शेवटी मी गुरुजींना नमस्कार केला. वाकायला गुडघे कुरकुरतात, म्हणून सुनेने मला हात दिला. गुरुजींनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "शतायुषी व्हा, काकू!"

मुलगा समोर होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शंभर म्हणजे किती लाल, हे त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं.

"नको हो गुरुजी," मी म्हणाले. "ब्याऐंशी पुरे."

सगळे हसले. "ब्याऐंशीच का?" मंडळातली एक म्हणाली. "देवाशी काय घासाघीस करतेस बाई?" गुरुजीही हसले आणि आणखी थोड्या अक्षता टाकल्या. मुलगा पाणी आणायला म्हणून आत गेला, पाण्याचा जग टेबलावरच होता.

सुनेने माझा हात सोडला नव्हता. "आई," ती हळूच म्हणाली, "आजच्या दिवशी असं अभद्र का बोलता?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती खोटं बोलत नाही, हे मी आधीच सांगितलंय.